पाऊस नसतानाचा वायपर

परवा भर दुपारी पार्किंगमध्ये एक गाडी दोन्ही वायपर वर करून उभी होती. पाऊस नाही, कोणी काच धूत नाही, मालकाचा पत्ता नाही. ऊन मात्र असं की बॉनेटला हात लावायची सोय नव्हती. ज्यांची वाट बघत होतो ते नेहमीप्रमाणे 'निघालोच' म्हणून न निघालेले, त्यामुळे सावलीत उभं राहून त्या दोन दांड्यांकडे बघत बसण्याची चैन परवडली.

वायपर वर करून ठेवणारी माणसं ही एक वेगळी जमात आहे. त्यांचं म्हणणं असं की तापलेल्या काचेला रबर टेकून राहिलं की त्याचा आकार बिघडतो. म्हणणं खोटं नाही. पण वर केलं म्हणून ऊन काही रबराला सोडत नाही, आणि येणाऱ्या-जाणाऱ्याचा धक्का लागून दांडा खाडकन काचेवर आदळण्याची भीती वेगळीच. बर्फ पडतो तिथे रात्री वायपर उचलून ठेवतात ते समजू शकतं. रबर काचेला गोठून बसलं आणि सकाळी घाईत बटण दाबलं तर त्याची कड फाटायची, नाहीतर मोटर जळायची. उन्हासाठी मात्र मी खाली ठेवणाऱ्यांतला. कारण विचाराल तर उभे वायपर मला बघवत नाहीत, एवढंच. वाद घालायला हे पुरेसं नाही हे मला माहीत आहे, तरी घालतो.

गंमत अशी की दोन्ही पक्षांचं दुखणं एकच. वायपर चालून जितका झिजतो त्यापेक्षा बसून जास्त खराब होतो. रबराची ती कड कधी बोट फिरवून नीट बघा. पट्टीच्या टोकाला एक पातळसा ओठ असतो. तो काचेवर ताठ उभा नसतो, तिरपा लवून ओढला जातो. वायपर एका टोकाला पोहोचून परत फिरला की ओठही दुसऱ्या बाजूला लवतो. अगदी शांत गाडीत कान दिला तर ते 'टप' ऐकू येतं. सगळी करामत त्या लवण्यात आहे. महिनोन्‌महिने एकाच कुशीवर दाबून ठेवलेलं रबर तिकडेच वळून राहतं. मग जाताना काच पुसतं आणि येताना लवायचं विसरतं. खरखर करत, उड्या मारत, काचेवर बारीक बारीक पट्टे ओढत येतं. त्यात ऊन त्याला कडक करतं, हवेतला ओझोन त्याला बारीक चिरा पाडतो. म्हणजे आठ महिने काहीही न केल्याबद्दल बिचारा निकामी होतो, आणि हे आपल्याला कळतं कधी, तर पहिल्या मोठ्या सरीत, ट्रकच्या मागे, अंधार पडताना. तेव्हा रेघ राहते ती नेमकी चालवणाऱ्याच्या डोळ्यांसमोर. इतर कुठे राहतही असेल, पण ती दिसत नाही.

माझा एक मामा पाऊस थांबला की वायपर काढून ठेवायचा. दोन्ही ब्लेड पुसून, जुन्या धुवट फडक्यात गुंडाळून डॅशबोर्डच्या कप्प्यात. काचेवर नुसते उघडे दांडे. 'चोरीला जातात' हे अधिकृत कारण. पहिले चार थेंब पडले की मामा गाडी कडेला घ्यायचा आणि उतरता उतरता म्हणायचा, "दे रे." हे देण्याचा मान पुढच्या सीटवर बसलेल्याचा, म्हणून निघताना आम्हा भावंडांत पुढच्या सीटवरून मारामारी. फडकं सोडायचं, लांब ब्लेड कोणतं आणि आखूड कोणतं ते ओळखायचं, काच खाली करून बाहेर द्यायचं. लांबाऐवजी आखूड हातात पडलं की मामा पावसात उभा राहून, चष्म्यावरून पाणी निथळत असताना, अत्यंत शांतपणे म्हणायचा, "हा आखूड आहे." ओरडला असता तर बरं वाटलं असतं.

सगळं जागच्या जागी बसेपर्यंत तो पुरता भिजलेला असायचा. तसाच आत येऊन बसला की त्याच्या अंगावरच्या ओलीने काच आतून धुरकटायची. मग मागून मामी हात लांब करून ती पुसायची, त्याच वायपरच्या फडक्याने. बाहेरून दोन वायपर, आतून मामी, असे आम्ही पुढे निघायचो. एकदा ती म्हणाली, "अहो, लावलेलेच राहू द्या ना." मामा म्हणाला, "तू छत्री घरात उघडून ठेवतेस का?" यावर गाडीत बराच वेळ कोणी बोललं नाही.

चोरीची भीती अगदीच काल्पनिक नसणार. सोव्हिएत संघात सुट्या भागांची इतकी टंचाई होती की गाडी उभी केली की वायपर काढून सोबत नेण्याची रीतच होती. सर आली की एकेक गाडी कडेला थांबून वायपर लावताना दिसायची. पण मामाचं खरं कारण चोर नव्हते असा मला संशय आहे. त्याला ते रबर जपायला आवडायचं. त्याच्या ब्लेडची कड बोटाला मऊ लागायची, हे मला अजून आठवतं.

अलाबामातल्या मेरी अँडरसनशी मामाचं जमलं असतं. विसाव्या शतकाच्या अगदी सुरुवातीला न्यूयॉर्कच्या हिवाळ्यात ती ट्रामने चालली होती आणि ओला बर्फ पडत असल्यामुळे चालकाला समोरचं दिसत नव्हतं. १० नोव्हेंबर १९०३ रोजी तिला काच पुसण्याच्या साधनाचं पेटंट मिळालं: बाहेर रबर लावलेला दांडा, आत हाताने फिरवायची मूठ. त्या पेटंटातच म्हटलंय की हवा चांगली असेल तेव्हा हे काढून ठेवता येतं. मामा वेगळं काय म्हणत होता? १९०५ साली तिने ते कॅनडातल्या एका कंपनीला विकायचा प्रयत्न केला. कंपनीला त्यात धंदा दिसला नाही. १९२० साली पेटंटची मुदत संपली, बाईंना छदाम मिळाला नाही आणि मग वायपर सगळ्या गाड्यांवर चढले.

वायपर बनवणाऱ्या एका माणसाची गोष्ट मात्र वेगळी आहे. १९१७ साली अमेरिकेतल्या बफेलो शहरात जॉन ओइशेई पावसात रात्री गाडी चालवत होता आणि ओल्या काचेतून त्याला सायकलवरचा माणूस दिसलाच नाही. धडक बसली. सायकलवाला वाचला. ओइशेईने पुढे वायपर बनवण्याची कंपनी काढली, ट्रायको. त्या काळात इंजिनाच्या शोषणावर चालणारे वायपर आले. ते चढावर, नेमकं इंजिन जोर लावत असताना, मलूल व्हायचे आणि उतारावर पाय उचलला की अंगात आल्यागत सुटायचे. विजेच्या मोटरने ही नाटकं बंद केली.

हे सगळं असलं तरी ब्लेड घ्यायची वेळ येते तेव्हा इतिहास उपयोगी पडत नाही, इंच उपयोगी पडतात. बहुतेक गाड्यांत चालवणाऱ्याच्या बाजूचं ब्लेड लांब आणि शेजारचं आखूड. 'जरा मोठंच द्या, जास्त पुसेल' म्हणणारे मी पाहिले आहेत. मग दोन ब्लेड मध्येच एकमेकांवर आपटतात, नाहीतर टोक काचेच्या चौकटीला घासतं. जुन्या पद्धतीचं सांगाड्याचं ब्लेड रबराला ठरावीक ठिकाणी दाबतं, नव्या चपट्या ब्लेडच्या आत पोलादाची वाकवलेली पट्टी असते आणि दाब सगळीकडे सारखा पसरतो. वाऱ्यातही ते काच कमी सोडतं. पण त्या पट्टीचा बाक काचेच्या बाकाशी जुळला नाही तर महागडं ब्लेडसुद्धा टोकाशी अधांतरी राहतं. बाकी राहिला ब्लेड दांड्याला अडकवायचा हुक. सोबत प्लास्टिकचे चार-पाच चिमुकले तुकडे येतात, त्यातला एक लागतो. उरलेले कधीतरी उपयोगी पडतील म्हणून मी ठेवतो. कधीतरी म्हणजे कधी ते विचारू नका. ब्लेड काढल्यावर उघडा दांडा सोडून जाऊ नये, खाली काचेवर जाड घडी घालावी. स्प्रिंगने तो निसटून आदळला तर नव्या ब्लेडसोबत नवी काच घ्यावी लागते.

आणि पुष्कळदा दोष ब्लेडचा नसतोच. काचेवर रस्त्यावरच्या तेलाचा, धुराचा, गाडी धुताना लावलेल्या मेणाचा पातळ थर असतो. आधी ती साफ करावी, मग ओलं फडकं चिमटीत धरून रबराच्या कडेवरून एकदा-दोनदा ओढावं. काळी रेघ निघते. ती पूर्ण बंद होईपर्यंत घासत बसू नये, कारण पुष्कळ ब्लेडवर ग्रॅफाइटचा लेप असतो, तो आपणच उतरवू. पेट्रोलने तर मुळीच पुसू नये, रबर फुगतं. तरीही ब्लेड उड्या मारत असेल तर दांडा पिळलाय का बघावं. मामाला हे सगळं कोणी शिकवलं असेल, देव जाणे.

माझी खरी चीड मात्र रबर, बाक यांच्याबद्दल नाही. पाऊस थांबला तरी वायपर चालूच ठेवणाऱ्यांबद्दल आहे. कोरड्या काचेवर धूळ असते, ती रबराखाली सापडली की दोघांचंही नुकसान. शिवाय तो आवाज. रॉबर्ट कर्न्स या अमेरिकन इंजिनिअरने वायपरला मध्ये थांबायला शिकवलं. त्याचा एक डोळा शँपेनच्या बुचाने अधू झाला होता आणि पापणी मिटते, उघडते, मग थांबते, तसं वायपरने का करू नये असं त्याच्या मनात आलं. १९६७ साली त्याला पेटंट मिळालं. मोटार कंपन्यांनी कल्पना उचलली म्हणून त्याने अर्धं आयुष्य कोर्टात घालवलं. १९९० साली फोर्डने त्याला एक कोटीहून जास्त डॉलर दिले. क्रायस्लरविरुद्ध तर तो स्वतःच वकील होऊन उभा राहिला आणि जिंकला. आता तर काचेतून अवरक्त किरण सोडून वर थेंब आहे की नाही हे गाडीच ओळखते: कोरड्या काचेवरून किरण परत येतात, थेंब असेल तिथे बाहेर निसटतात. इतक्या लोकांनी इतकं केल्यावर शेजारच्या माणसाला स्टिअरिंगजवळची एक दांडी खाली करायला काय होतं?

मित्राच्या गाडीत बसलो की मी आधी खोकतो. मग काचेकडे बघतो. मग बाहेरच्या कोरड्या रस्त्याबद्दल काहीतरी बोलतो. शेवटी न राहवून म्हणतो, "अरे, थांबला पाऊस."

तो म्हणतो, "असू दे, येईल परत."

आणि मेला येतोही.