पाच वाजता आलेला मजूर

आज चर्चमध्ये उपासनेनंतर तो नवीन आलेला माणूस साक्ष द्यायला, म्हणजे देवाने आपल्यासाठी काय केलं ते सगळ्यांसमोर सांगायला, उभा राहिला. "माझं तारण झालंय", म्हणजे देवाने पापातून सोडवलं, एवढंच बोलला आणि रडायलाच लागला, सगळे आमेन आमेन करतायत, आणि मी आपली गीतपुस्तकाची निघालेली चिकटपट्टी नखाने सोलत बसलेय. नक्की काय खुपलं तेच कळेना, म्हणून लिहितेय.

त्याला यायला लागून चार महिने पण झाले नसतील. आणि मी? संडे स्कूल, प्रार्थनासभा, खुर्च्या मांडा, खुर्च्या उचला. आई अंथरुणाला खिळली होती त्या वर्षीसुद्धा एक रविवार चुकवला नाही. आईचं जाऊ दे आत्ता. पण माझ्यासाठी कधी कोणी डोळे पुसले? नाही ना. मी कायम आहेच, भिंतीवरच्या घड्याळासारखी.

गंमत म्हणजे मागच्याच महिन्यात मुलांकडून बायबलमधलं इफिसकरांस 2:8-9 मीच पाठ करून घेतलं. तारण कृपेने, विश्वासाच्या द्वारे, देवाचं दान, कर्मांनी नाही, म्हणजे कोणी आढ्यता बाळगायला नको. एकाने विचारलं आढ्यता म्हणजे काय, मी म्हटलं शायनिंग मारणं. खूप हसली पोरं. मी पण हसले.

दुपारी बायबलमधलं मत्तय 20 काढलं, येशूने सांगितलेली द्राक्षमळ्यातल्या मजुरांची गोष्ट. पहाटे आलेल्याला एक दिनार आणि संध्याकाळी पाचला आलेल्यालाही एकच. आजवर न दिसलेली एक गोष्ट आज दिसली, धनी पैसे वाटायला सुरुवात शेवटच्यांपासून करायला सांगतो. पहाटेवाल्यांना आधी देऊन टाकले असते तर ते खुशीत घरी गेले असते, त्यांना पत्ताही लागला नसता. पण नाही, त्यांना थांबवून बघायला लावलं. त्यांचं एक नाणंही कमी झालं नाही, दिवसाचा एक दिनार ठरलेलाच होता, तरी कुरकुर केलीच. मला ते मजूर आज अगदी सख्खे वाटले.

मग वकिली सुचली, बायबलमध्येच याकोब म्हणतो ना की कर्मांवाचून विश्वास निर्जीव आहे! पण इफिसच्या त्याच पानावर दहावं वचन बसलंय, सत्कर्मं देवानेच आधी योजून ठेवलीत म्हणून. म्हणजे खुर्च्या पण त्याच्याच. काय बोलणार आता, बिल फाडायला जावं तर बिलबुकही आपलं नाही 😅

मी स्वतः कधी विश्वासात आले, कुठल्या अवस्थेत, ते इथे लिहीत नाही. पाचच वाजले होते म्हणा, फार तर साडेचार.

एक राहिलंच. सगळे गेल्यावर तो खुर्च्या उचलायला आला, "ताई, ह्या कुठं लावू?" मी कोपरा दाखवला. त्याने भरभर थप्पी लावली, वाकडीतिकडी, आणि गेला. मग मी ती सगळी उतरवली आणि परत नीट लावली.