साडेसहा फॅट

नाशिकला म्हसरूळच्या पुढे, दिंडोरी रोडला एका दूध संकलन केंद्रावर मी चोवीस वर्षं काढली. नमुना घ्यायचा, फॅट आणि एसएनएफ (फॅट सोडून दुधात उरणारा घन भाग) काढायची, पावती फाडायची. सुरुवातीला गर्बरची पद्धत होती. काचेच्या नळीत दहा मिली ॲसिड, त्यावर १०.७५ मिली दूध, एक मिली अमाइल अल्कोहोल, मग नळ्या मशीनमध्ये फिरवायच्या आणि वर तरंगणारा पिवळसर थर वाचायचा. त्या काळातला माझा एकही शर्ट बिनभोकाचा नव्हता. पुढे ॲनालायझर आला, मिनिटाभरात आकडा दाखवू लागला, आणि भांडणं तेवढीच राहिली. "भाऊ, काल फॅट सहा-चार लागली, आज सहा-एक? म्हैस तीच, पेंड तीच!" पहाटे साडेपाचला हे ऐकत ऐकत माझे केस पिकले.

एवढं सांगायचं कारण, लोकांच्या दुधाचा एकेक पॉइंट मी मोजला आणि माझ्याच घरात काय चाललंय ते मला तीन वर्षं उमगलं नाही.

२०२२ च्या डिसेंबरात सासूबाई न्हाणीघरात घसरल्या. हात टेकला आणि मनगट मोडलं. सत्तर-बहात्तरच्या वयात एवढ्याशा पडण्यानं हाड मोडावं, याचा बायकोनं धसका घेतला असता तर बरं झालं असतं. तिनं धसका घेतला तो दुसऱ्याच गोष्टीचा. दवाखान्यात आईसोबत बसली असताना तिथल्या काट्यावर सहज उभी राहिली, तर ७४ किलो. पाळी जाऊन वर्ष झालं होतं, थायरॉइडची गोळी आधीपासून चालू. घरी आली ती ठरवूनच. कुणाचा तरी ऑनलाइन कोर्स लावला आणि जानेवारीत फर्मान निघालं: दूध बंद, दही बंद, ताकसुद्धा बंद. "अहो, दुधानंच अंग सुटतं. सगळे सांगताहेत."

दुधावर घर चालवणाऱ्या माणसाच्या तोंडावर हे! मी चार दिवस फुरंगटून बसलो.

पण वजन उतरलं, हे नाकारून कसं चालेल? मे महिन्यापर्यंत काटा ७० वर आला. ती खूश, कोर्सवाली खूश, आणि मी तोंड बंद करून माझ्या कपात साय ओढून घेत होतो. मला खरा प्रकार कळला तो किराणा भरताना. दर महिन्याला आम्ही पाच किलो साखर आणायचो. दुकानदारानं सवयीनं पाच किलो बांधली आणि घरी डब्यात ती मावेना. जुनीच दीड-दोन किलो शिल्लक.

मग बसून हिशेब मांडला. बायको दिवसाला पाच चहा प्यायची. पूर्ण दुधाचा नाही, पण कपामागे साठेक मिली म्हशीचं दूध जायचंच. आमच्या रतिबाच्या दुधाला साडेसहा फॅट लागायची, हे मी स्वतः तपासलेलं. म्हणजे कपाला साठ-पासष्ट कॅलरी दुधाच्या आणि दोन चमचे साखरेच्या चाळीस. एका चहाला शंभर, पाच चहांचे पाचशे. शिवाय सोबत खारी किंवा टोस्ट, ते हिशेबात धरलेच नाहीत. आणि साखर? दिवसाला पन्नास ग्रॅम, महिन्याला दीड किलो. दूध बंद केल्यावर तिला काळा चहा घशाखाली उतरेना, म्हणून चहाच सुटला. चहा सुटला म्हणून साखर सुटली. वजन उतरलं ते साखर, साय आणि खारी या तिघांनी मिळून उतरवलं, आणि नाव दुधाचं झालं.

हे मी तिला सांगितलं तेव्हा जे उत्तर मिळालं ते इथे लिहिण्यासारखं नाही.

आता आमच्या धंद्यातली गंमत सांगतो, कारण ती मलाही उशिरा कळली. दुधाचा भाव फॅटवर ठरतो. गाईच्या दुधाला साडेतीन फॅट-साडेआठ एसएनएफ, म्हशीच्याला सहा-नऊ, या आकड्यांवर शेतकऱ्याचं पोट. कॅल्शियमला कुणी विचारत नाही आणि त्याचा पॉइंटही लागत नाही. ते बसलेलं असतं एसएनएफमध्ये, म्हणजे फॅट सोडून दुधात जे घन उरतं त्यात. साधारण दोन तृतीयांश केसिन या प्रथिनाला चिकटून, बाकीचं पाण्यात विरघळून. सायीचा त्याच्याशी काही संबंध नाही. साय काढून टाका, कॅल्शियम खाली पातेल्यात तसंच. गाईच्या शंभर मिली दुधात १२० मिलीग्रॅमच्या आसपास, म्हशीच्यात थोडं जास्तच. तुपात मात्र जवळपास शून्य. तूप खाऊन हाडं बळकट होतात असं माझी आई शेवटपर्यंत म्हणायची. तिच्यासमोर बोलायची माझी टाप नव्हती.

लहानपणी आमच्या घरी लोणी काढून तूप विकायला जायचं नाशकात आणि ताक उरायचं ते आम्हा पोरांना, गड्यांना, शेजाऱ्यांना. आम्हाला वाटायचं, चांगलं ते शहरात गेलं. कॅल्शियमपुरतं बोलायचं तर तांब्याभर ताक पिणारे आम्हीच शहाणे होतो.

श्रीखंडाचं उलट. दही आंबट झालं की केसिनला चिकटलेलं कॅल्शियम सुटून पाण्यात उतरतं. चक्का फडक्यात टांगला की ते हिरवट पाणी खाली गळतं आणि कॅल्शियमचा मोठा वाटा त्याच्यासोबत मोरीत जातो. फडक्यात उरतात प्रथिनं आणि फॅट, त्यात आपण साखर घालतो. गुढीपाडव्याला श्रीखंड खाऊ नका असं मी म्हणत नाही, मीही दोन वाट्या खातो. फक्त ते पाणी फेकू नका, कणीक त्यात भिजवा. आमच्याकडे आता धपाटी त्यातच होतात.

तर दिवाळीला वजन परत ७२ वर. दूध अजून बंदच होतं, बरं का. दुधाऐवजी "हेल्दी" म्हणून खाखरे, खजुराचे लाडू, बदामाचं दूध, सगळं घरात आलं होतं. तेवढ्यात पुण्याहून मुलीनं फोन केला. ती जिमला जाते, तिच्या ट्रेनरचं म्हणणं नेमकं उलट: दूध-दह्यानं चरबी जळते! "पप्पा, अमेरिकेत सिद्ध झालंय."

माझा इंटरेस्ट जागा झाला. सिद्ध झालं असेल तर केंद्रावर बोर्डच लावतो म्हटलं. मुलीला सांगितलं, मूळ काय ते पाठव. वाचायला मला महिना लागला, पण समजलं ते असं. टेनेसी विद्यापीठातले मायकेल झेमेल यांनी २००० साली एक कल्पना मांडली. आहारात कॅल्शियम कमी पडलं की शरीरात ड जीवनसत्त्वाचं सक्रिय रूप वाढतं, त्यामुळे चरबीच्या पेशींच्या आत कॅल्शियम शिरतं, आणि त्या पेशी चरबी साठवू लागतात. कॅल्शियम पुरेसं खाल्लं की उलटं चक्र. २००४ मध्ये त्यांनी ३२ लठ्ठ माणसांवर २४ आठवडे प्रयोग केला. सगळ्यांना रोज पाचशे कॅलरी कमी. कमी कॅल्शियमवाल्यांचं वजन ६.४ टक्के उतरलं, कॅल्शियमच्या गोळ्या घेणाऱ्यांचं ८.६ आणि दूध-दही खाणाऱ्यांचं १०.९ टक्के.

ऐकायला झकास. पण ३२ माणसं म्हणजे सकाळी सातला आमच्या केंद्रापुढे रांगेत असतात तेवढी, आणि त्यातही तीन गट. शिवाय या संशोधनामागे अमेरिकेतल्या डेअरीवाल्यांचा पैसा होता, आणि त्यांनीच मग "दूध प्या, वजन घटवा" अशा जाहिराती सुरू केल्या. त्यावर तक्रार झाली आणि २००७ मध्ये तिथल्या फेडरल ट्रेड कमिशनच्या, म्हणजे फसव्या जाहिरातींवर नजर ठेवणाऱ्या सरकारी संस्थेच्या, चौकशीनंतर त्या थांबवाव्या लागल्या. पुढे २००९ मध्ये ३४० जाड माणसांना दोन वर्षं रोज १५०० मिलीग्रॅम कॅल्शियम किंवा नुसती खोटी गोळी दिली, तर वजनात काडीचा फरक नाही. आतड्यात कॅल्शियम थोड्या फॅटला धरून बाहेर नेतं, हे मात्र खरं निघालं. किती? दुधातलं भरपूर कॅल्शियम खाल्लं तर दिवसाला पाचेक ग्रॅम. म्हणजे पंचेचाळीस कॅलरी. दोन चमचे साखर घातली की फिटंफाट.

बोर्ड काही लावला नाही.

आणि मग २०२४ च्या सुरुवातीला खरी फजिती झाली. बायकोच्या टाचा आणि कंबर दुखायला लागली. मेडिकलमधून तिनं परस्पर कॅल्शियमच्या गोळ्या आणल्या. दूध पीत नाही, निदान हे तरी घ्यावं, हा तिचा विचार. विचार चांगला होता, वेळ चुकली. सकाळी सहाला अनशापोटी थायरॉइडची गोळी घ्यायची सवय होती, तिच्या सोबतच ही टाकायची, म्हणजे विसरायला नको.

चार महिन्यांत वजन ७५. थकवा, पायावर सूज, केस गळायला लागले. टीएसएच, म्हणजे थायरॉइड कमी पडलं की रक्तात वाढणारा आकडा, नेहमी तीनच्या आसपास असायचं, ते नऊच्या वर. तिला वाटलं आजार वाढला. डॉक्टरीणबाईंनी डोस वाढवायच्या आधी एकच प्रश्न विचारला, "गोळी कशाबरोबर घेता?" कॅल्शियम पोटात थायरॉइडच्या औषधाला धरून ठेवतं, ते रक्तात पुरेसं उतरतच नाही. दोन्हींमध्ये निदान चार तासांचं अंतर हवं. म्हणजे वजनावर कॅल्शियमचा परिणाम आमच्या घरात एकदाच दिसला, आणि तोही काटा वर नेणारा!

डॉक्टरीणबाईंनी डेक्सा, म्हणजे हाडांची घनता मोजणारी तपासणी, करायला सांगितलं. मणक्याचा टी-स्कोअर उणे १.९. उणे अडीचला हाडं ठिसूळ झाली असं धरतात, म्हणजे आम्ही वाटेवर होतो. ड जीवनसत्त्वही तळाला गेलेलं. ते नसेल तर खाल्लेलं कॅल्शियम आतड्यातून नीट उचललं जात नाही, आणि रक्तातलं प्रमाण राखायला शरीर हाडांतून काढून घेतं. बचत खात्यातून घरखर्च भागवावा तसं. सासूबाईंचं मनगट तेव्हा माझ्या डोळ्यांपुढे आलं. बायकोच्याही आलं असणार, ती रिक्षात गप्प होती.

आपल्याकडे आयसीएमआर या सरकारी वैद्यकीय संशोधन परिषदेनं २०२० मध्ये मोठ्या माणसाची रोजची कॅल्शियमची गरज ६०० वरून १००० मिलीग्रॅम केली. पाळी गेलेल्या बाईला डॉक्टरीणबाईंनी १२०० सांगितलं. दूध बंद करून हा आकडा गाठता येत नाही असं नाही, पण हिशेब ठेवावा लागतो. पालकात कॅल्शियम दिसतं भरपूर, पण त्याला धरून ठेवणाऱ्या ऑक्झलेट या घटकामुळे अंगी लागतं नावापुरतं. तीळ उत्तम, पण तेलाचाच दाणा, मूठमूठ खाल तर पुन्हा काटा आहेच.

आपली नागली मात्र राजा. बाकीचा महाराष्ट्र नाचणी म्हणतो, आमच्याकडे नागलीच. शंभर ग्रॅमला साडेतीनशे मिलीग्रॅमच्या वर कॅल्शियम. पेठ, सुरगाणा, हरसूलकडे डोंगरउतारावर पिकते. त्या भागातला एक जुना दूधवाला मला दरवर्षी दहा किलो आणून देतो. मोड आणून, वाळवून दळली तर अंगी जास्त लागते, कारण कॅल्शियमला अडवणारं फायटेट त्यानं कमी होतं. दोन भाकऱ्यांत तीनशेच्या आसपास मिलीग्रॅम निघतं. जोडीला गाईच्या दुधाचं दही, दुपारी ताक. उरलेल्यासाठी जेवणानंतर ५०० ची एक गोळी, सकाळच्या गोळीपासून खूप लांब. आठ आठवडे, आठवड्याला एक अशी ड जीवनसत्त्वाची ६०,००० युनिटची पुडी झाली, आता महिन्याला एक. हे तिच्या डॉक्टरांनी तिच्यासाठी ठरवलेलं आहे, तुमचं तुमच्या डॉक्टरांना विचारा.

शेजारचे एक काका मुतखडा झाल्यापासून दुधाला शिवत नाहीत. त्यांना सांगून थकलो की जेवणातलं कॅल्शियम उलट ऑक्झलेटला आतड्यातच धरतं, दूध-दही खाणाऱ्यांना खडे कमी होतात असंच दिसलंय. ते मान डोलवतात आणि पालकाचा ज्यूस पितात.

आम्ही दोघं रोज संध्याकाळी गोल्फ क्लब मैदानावर चार फेऱ्या मारतो. सध्या तिचा काटा ७१ वर आहे, टीएसएच पुन्हा जागेवर, आणि दिवसाला दोन चहा, एक चमचा साखर. तिसरा कुणाकडे गेलो तर होतो, मी बघत नाही असं दाखवतो.

राहता राहिला रतीब. गेल्या महिन्यात गवळ्याला सांगितलं, म्हशीचं बंद कर, गाईचं लिटरभर टाकत जा. त्यानं बरणी खाली ठेवली. पंधरा वर्षांची ओळख, दुखावलाच तो.

"का भाऊ, फॅट कमी लागली का?"

"नाही रे. साडेसहा आहे."

"मग?"

"तीच जास्त होतेय."

तो माझ्याकडे बघतच राहिला. मग आत बायकोला हाक मारून म्हणाला, "वहिनी, भाऊंची तब्येत बरी आहे ना?"