बाणकोट ते हर्णै: सुवार्तेच्या प्रवासाचा वृत्तांत

आमच्या मंडळीतील काही जण पावसाळा सरल्यावर बाणकोट, केळशी आणि हर्णै या गावांत येशू ख्रिस्ताची सुवार्ता सांगण्यासाठी जाऊन आलो. याच वाटेने जाणाऱ्यांना उपयोग व्हावा म्हणून हा वृत्तांत लिहीत आहे.

बाणकोटपासून आरंभ केला, कारण १८२३ मध्ये स्कॉटिश मिशनऱ्यांनी कोकणातील आपले काम येथेच सुरू केले. १८२९ मध्ये आलेले जॉन विल्सन मुंबईतील कामाला लागण्यापूर्वी हर्णैला राहून मराठी शिकले. आधी लोकांचे ऐकावे आणि मग बोलावे, हाच क्रम आम्हीही धरला. गावात शिरताच सरपंच किंवा पोलीस पाटील यांना भेटून येण्याचे कारण सांगितले आणि कोणी बोलावल्याशिवाय कोणाच्याही अंगणात पाऊल ठेवले नाही.

बाणकोटला एका मुस्लिम कुटुंबाने ओटीवर बसवून चहा दिला. घरातील चाचांनी हजरत ईसांविषयी, म्हणजे येशूविषयी, त्यांच्या श्रद्धेत काय सांगितले आहे ते सविस्तर सांगितले. आम्ही ते शेवटपर्यंत ऐकले आणि त्यांनी विचारल्यावरच वधस्तंभ व पुनरुत्थान यांविषयीचा आमचा विश्वास मांडला. त्यांना तो पटला नाही, तरी निघताना त्यांनी पुन्हा येण्याचा आग्रह केला. असे मोकळे बोलणे पत्रकांच्या गठ्ठ्याने साधत नाही, असे माझे ठाम मत आहे.

हर्णैला वेळेचे भान फार महत्त्वाचे. संध्याकाळी होड्या किनाऱ्याला लागल्या की वाळूवरच मासळीचा लिलाव सुरू होतो. सुरमई-पापलेटच्या राशीभोवती बोली चढत असताना कोळणींना थांबवणे म्हणजे त्यांच्या पोटावर पाय देणे होय. आम्ही दुपारी जाळी विणणाऱ्यांजवळ बसलो. तेथे एका आजींनी, "माझा नातू बोटीवर गेलाय, त्याच्यासाठी तुमच्या देवाला सांगा," असे म्हटले, तेव्हा घरच्यांना विचारून आम्ही तेथेच प्रार्थना केली.

संविधानाचा अनुच्छेद २५ धर्माचा प्रसार करण्याचा हक्क देतो, मात्र तो सार्वजनिक सुव्यवस्था, नीतिमत्ता व आरोग्य यांच्या अधीन आहे. शिवाय दुसऱ्याचे धर्मांतर करण्याचा हक्क त्यात येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने १९७७ मध्ये स्पष्ट केले. म्हणून औषधे, कपडे किंवा फीची मदत या प्रवासात मुळीच नेऊ नये. विश्वासाला मोबदल्याचा वास लागला की तो विश्वास राहत नाही.

रेल्वेने येणाऱ्यांनी खेडला उतरून दापोलीमार्गे हर्णै गाठावे. श्रीवर्धनकडून येणाऱ्यांना बागमांडला-वेश्वी फेरीबोटीने बाणकोटची खाडी ओलांडता येते. गणपतीत आणि शिमग्याची पालखी घरोघरी फिरत असताना जाऊ नये. बायबलमधील नव्या कराराच्या थोड्याच प्रती बरोबर ठेवाव्यात आणि मागणाऱ्यालाच द्याव्यात.