आठ दिवसांचं आयोडीन

पीयूसीच्या, म्हणजे अकरावी-बारावीच्या मुलांना मी चौदा वर्षं रसायनशास्त्र शिकवते. आयोडीन-131 दरवर्षी फळ्यावर येतं: अर्धायुष्य 8 दिवस, म्हणजे दर आठ दिवसांत निम्मे अणू मोडतात, सोडवा गणित. गेल्या वर्षी तेच मला गिळावं लागलं.

थायरॉईडचा कॅन्सर निघाला. ऑपरेशन बेळगावातच झालं. पण ग्रंथी काढली तरी काही पेशी मागे राहतात, त्यांच्यासाठी किरणोत्सारी आयोडीन घ्यायला मुंबईला जायचं ठरलं. त्याआधीचे चार आठवडे सगळ्यात जड गेले. उरलेल्या पेशी आयोडीनसाठी भुकेल्या व्हाव्यात म्हणून थायरॉईडची गोळी बंद केली होती. भर उन्हाळ्यात थंडी वाजायची, चेहरा सुजायचा, येळ्ळूरच्या घराचा जिना चढताना मध्येच बसावं लागायचं. शेवटचे दोन आठवडे पथ्य: आयोडीनचं मीठ, दूध, अंडी, समुद्राचे मासे सगळं बंद. मैत्रीण शहापुरातून दुधाचा कुंदा घेऊन आली, तो तसाच परत पाठवताना तिच्या डोळ्यांत पाणी आलं.

पथ्याचं कारण मला पाठ होतं, पण अंगाला लागलं ते तेव्हा. पेशीला अणूच्या केंद्रकातलं काही कळत नाही. मिठातलं आयोडीन-127 म्हणजे 53 प्रोटॉन आणि 74 न्यूट्रॉन. 131 मध्ये न्यूट्रॉन 78. दोघांचे इलेक्ट्रॉन सारखेच, म्हणून पेशी दोघांनाही सारखंच घरात घेते. मिठानंच घर भरलं तर औषधाला जागा कुठून? आत गेल्यावर मात्र त्या चार जादा न्यूट्रॉनांनी केंद्रकाचा तोल बिघडलेला असतो. एक न्यूट्रॉन प्रोटॉन होतो, एक इलेक्ट्रॉन वेगानं बाहेर पडतो आणि 54 प्रोटॉनांचा शांत झेनॉन उरतो. तो इलेक्ट्रॉन, म्हणजे बीटा कण, मांसात एक-दोन मिलिमीटरच जातो. मारायची ती पेशी मरते, लांबचं वाचतं. सोबतचे गॅमा किरण मात्र अंगाबाहेर येतात, म्हणून रुग्णाला एकटं ठेवतात.

तारीख चुकवून चालणार नव्हतं. ट्रॉम्बेच्या ध्रुव अणुभट्टीत टेल्युरिअम या मूलद्रव्यावर न्यूट्रॉनांचा मारा करून हे आयोडीन बनवतात, आणि ते कपाटात ठेवून देता येत नाही. आठ दिवसांत निम्मं जातं.

शिशाच्या जाडजूड डबीतून चिमट्यानं कॅप्सूल निघाली. दिसायला साध्या औषधासारखीच. पाण्याबरोबर गिळली, दार बंद झालं. डोस किरणोत्साराच्या मापात 100 मिलिक्युरी. त्या रात्री झोप येईना म्हणून कागद घेऊन बसले. दर सेकंदाला 370 कोटी अणू मोडत होते. एवढे अणू मोडायला मुळात किती असावे लागतात? दर सेकंदाला साधारण दहा लाखांतला एक मोडतो, त्या हिशोबानं सगळ्या किरणोत्सारी आयोडीनचं वजन एका मायक्रोग्रॅमपेक्षाही कमी आलं. मी दोनदा करून पाहिलं. मिठाच्या एका कणाहूनही कितीतरी हलकं असं काहीतरी माझ्यासाठी लढत होतं, या विचारानं मला धीर आला.

आत तीन दिवस. पाणी पीत राहायचं, लाळग्रंथींसाठी लिंबू चोखायचं, संडासात दोनदा पाणी सोडायचं. पाण्यानं अणू लवकर मोडत नाहीत. पेशींनी न धरलेलं आयोडीन तेवढं लघवीतून निघून जातं. उष्णता, दाब, आम्ल, कशानंही केंद्रकाला घाई करता येत नाही, हे वर्गात मी किती सहज सांगत आले! कुठला अणू कधी मोडेल हेही कुणी सांगू शकत नाही, तरी सगळ्यांचा मिळून हिशोब चुकत नाही. रोज एक मीटरवर यंत्र धरून अंगातून येणारे किरण मोजायचे. आकडा उतरला तसं तिसऱ्या दिवशी सोडलं.

घरी वहिनी गरोदर, भाचा चार वर्षांचा. डॉक्टरांनी दोघांपासून दोन आठवडे लांब राहायला सांगितलं होतं, मी सोळा दिवस राहिले, पुरी दोन अर्धायुष्यं. माडीवरची खोली, ताट-तांब्या वेगळा. भाचा जिन्याच्या खालच्या पायरीवर बसून शाळेतल्या गोष्टी ओरडून सांगायचा. एकदा तिसऱ्या पायरीवर आला तेव्हा मी दार लावून घेतलं आणि आतून रडले.

सतराव्या दिवशी सकाळी वहिनीनं खालून हाक मारली, "वन्सं, आता खाली या, चहा ठेवलाय." मी उठेपर्यंत तो वर पोचला होता. उंबऱ्याशी थांबून म्हणाला, "आत्ती, येऊ?"