आखाजीच्या दिवशी मी स्वतःलाच सर्व्हरबाहेर काढलं

आमची कंपनी म्हणजे जळगावात २ खोल्यांचं ऑफिस, ९ माणसं, एक कूलर आणि एक इन्व्हर्टर जो मे महिन्यात कूलर ओढत नाही. काम काय तर केळीच्या व्यापाऱ्यांसाठी सॉफ्टवेअर. रावेर-सावदा पट्ट्यातले व्यापारी कुठल्या बागेतून किती माल कापला, गाडी कुठं गेली, आज बुऱ्हाणपूरचा भाव काय निघाला, शेतकऱ्याचे किती द्यायचे राहिले हे सगळं त्यात टाकतात. सर्व्हर १४, सगळे ॲमेझॉनच्या मुंबई रिजनमध्ये. आणि त्या १४ सर्व्हरांची किल्ली एकच. एक पेम फाइल (सर्व्हरमध्ये शिरायची गुप्त किल्ली असलेली फाइल), नाव "जळगाव न्यू फायनल २", आणि ती पडलेली होती ऑफिसच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर. हो, ग्रुपवर. नवीन पोरगा लागला की कुणीतरी वर सरकवत सरकवत ती शोधायचं आणि त्याला फॉरवर्ड करायचं, झालं त्याचं ऑनबोर्डिंग. शेतात मोटरच्या खोलीची किल्ली दगडाखाली ठेवतात ना, गावातल्या सगळ्यांना दगड माहीत असतो, तसा प्रकार.

एक जण नोकरी सोडून पुण्याला गेला. आठवड्याने आप्पांनी (आमचे मालक, सगळे आप्पाच म्हणतात) सहज विचारलं, "ताई, त्याचा ॲक्सेस काढला ना?" मी हो म्हटलं. खोटं बोलले. काढणार कसा, त्याच्या फोनमध्ये ती फाइल होतीच आणि त्याला बंद करायचं म्हणजे १४ ठिकाणी कुलूप बदलून बाकी ८ जणांना नवीन किल्ली वाटायची, आणि वाटणार कुठं तर परत त्याच ग्रुपवर. पोरगा चांगला होता, तो काही करणार नव्हता, पण रात्री झोप लागेना.

तर आधी मी बघितलं की आत नक्की कुणाकुणाच्या किल्ल्या आहेत. सर्व्हरवर लांबून लॉगिन करायच्या पद्धतीला एसएसएच म्हणतात, त्यात किल्ली म्हणजे जोडी असते, प्रायव्हेट की आपल्याकडं गुप्त आणि पब्लिक की सर्व्हरवर. प्रत्येक सर्व्हरवर ऑथोराइज्ड कीज नावाची फाइल असते, त्यात ज्याची पब्लिक की लिहिलेली तो आत येऊ शकतो. एसएसएच-कीजेन या कमांडला एल आणि एफ हे दोन ऑप्शन देऊन ती फाइल दाखवली की प्रत्येक ओळीचं फिंगरप्रिंट (त्या किल्लीची छोटी ओळखखूण) आणि शेवटची कॉमेंट छापून येते. सगळ्या मिळून ३१ ओळी निघाल्या. आम्ही माणसं ९! ग्रुपवरची किल्ली सगळीकडे होतीच, वरून काहींनी आपापल्या किल्ल्या टाकलेल्या, एक आधीच्या फ्रीलान्सरची, आणि ६ अशा की कॉमेंटमध्ये नुसतं "रूट ॲट लोकलहोस्ट". ते कोण ते आजही कळलेलं नाही.

मग ठरवलं की हे हाताने करायचंच नाही, कोडमध्ये लिहायचं. नेटवर्क आणि सर्व्हर आमचे आधीपासून टेराफॉर्ममध्ये (सर्व्हर कसे हवेत ते कोडमध्ये लिहिलं की तसे उभे करणारं टूल) होते म्हणून किल्ल्याही तिथंच करू म्हटलं, आणि इथंच पहिली चूक झाली. टेराफॉर्ममध्ये टीएलएस प्रायव्हेट की नावाचा रिसोर्स मिळतो, ४ ओळी लिहिल्या की तोच जोडी तयार करतो, पब्लिक भाग एडब्ल्यूएसच्या (म्हणजे ॲमेझॉनच्या क्लाउडच्या) की पेअरला द्यायचा, प्रायव्हेट भाग आउटपुट म्हणून काढायचा. मला वाटलं वा, कामच झालं. अप्लाय केलं, चाललं, चहा घेऊन आले आणि सहज स्टेट फाइल (टेराफॉर्म आपण काय काय उभं केलं ते जिथं लिहून ठेवतं ती) उघडून बघितली तर आख्खी प्रायव्हेट की तिथं साध्या अक्षरात लिहिलेली. आउटपुटला सेन्सिटिव्ह लावलं की स्क्रीनवर दिसत नाही एवढंच, स्टेटमध्ये ती उघडीच असते. आणि आमची स्टेट फाइल कुठं होती? गिटमध्ये. म्हणजे सगळ्यांचा कोड जिथं राहतो तिथं. लाज वाटते सांगायला. म्हणजे व्हॉट्सॲपवरून उचलून गिटमध्ये ठेवली, आणि गिट तर इतिहास पण जपून ठेवतं, फाइल डिलीट करून उपयोग नाही.

ती जोडी तिथंच फेकून दिली. स्टेट एसथ्री बकेटमध्ये (ॲमेझॉनकडची फाइली ठेवायची जागा) नेली, एन्क्रिप्शन आणि व्हर्जनिंग चालू करून, आणि बकेट फक्त दोन जणांनाच उघडेल अशी परवानगी ठेवली. टेराफॉर्म १.१० पासून इफेमेरल म्हणून प्रकार आलाय त्यातली किंमत स्टेटमध्ये लिहिलीच जात नाही, आणि ओपनटोफूने (टेराफॉर्मपासूनच फुटलेलं दुसरं टूल) १.७ मध्ये स्टेटच एन्क्रिप्ट करायची सोय दिली. पण खरं सांगू का, मला ते काही लागलंच नाही, कारण तोवर डोक्यात लख्ख पडलं होतं की प्रायव्हेट की आपण बनवायचीच कशाला. ज्याची त्याने आपल्या लॅपटॉपवर बनवायची, ईडी२५५१९ प्रकारची, पासफ्रेज (किल्लीचा पासवर्ड) लावून, आणि फक्त डॉट पब फाइल, म्हणजे पब्लिक की, रेपोमध्ये (गिटमधल्या आमच्या कोडच्या जागेत) टाकायची. पब्लिक की जगाने बघितली तरी फरक पडत नाही, तिचं नावच पब्लिक आहे. रेपोमध्ये एक फोल्डर केलं, माणसामागे एक फाइल. पोरांना पासफ्रेजचा कंटाळा आला, एकाने विचारलं ताई रोज टाकायचा का, मग एसएसएच एजंट शिकवला, तो एकदा उघडलेली किल्ली धरून ठेवतो.

आता या नवीन किल्ल्या सर्व्हरवर जाणार कशा. मी टेराफॉर्ममध्ये की पेअरचं नाव बदललं आणि प्लॅन (काय काय बदलेल ते आधी दाखवणारी कमांड) चालवला. खाली ओळ आली, १४ टू ॲड, ० टू चेंज, १४ टू डिस्ट्रॉय. पोटात खड्डा पडला. ईसीटू (ॲमेझॉनचे भाड्याचे सर्व्हर) सर्व्हरचं की नेम बदलायचं तर टेराफॉर्म तो सर्व्हर पाडून नवा उभा करतो, कारण ॲमेझॉनकडं चालू सर्व्हरची की पेअर बदलायची सोय नाही, ती किल्ली सर्व्हर पहिल्यांदा बूट होताना क्लाउड-इनिट नावाचा प्रोग्रॅम आत टाकतो आणि विषय संपला. नंतर तुम्ही कन्सोलवरून की पेअर डिलीट जरी केली तरी सर्व्हरच्या आत ती तशीच बसलेली असते. हे मला ७ वर्षं काम करून माहीत नव्हतं! बरं झालं प्लॅन वाचायची सवय आहे, ऑटो अप्रूव्ह लावून, म्हणजे न बघता होकार देऊन, चालवणाऱ्यांना माझा लांबूनच नमस्कार. की नेमवर लाइफसायकलमध्ये इग्नोर चेंजेस लावलं, म्हणजे हा बदल सोडून दे, आणि टेराफॉर्मला तेवढ्यावर थांबवलं. सर्व्हर उभा करणं त्याचं काम, आत रोज कोण येतं-जातं ते ॲन्सिबलचं (अनेक सर्व्हरांवर तीच कामं एकदम करणारं टूल).

ॲन्सिबलमध्ये ऑथोराइज्ड की नावाचं मॉड्यूल आहे, त्याला की दिली की तो ती फाइलमध्ये घालतो. मला पाहिजे होतं की यादीत जे आहेत तेवढेच राहावेत, बाकीच्या ३१ मधल्या भुताखेतांच्या ओळी उडाव्यात. त्यासाठी एक्सक्लुझिव्ह असा ऑप्शन आहे. मी यादी केली, आप्पांपासून सुरू, सिनियॉरिटीने, सगळ्यात शेवटी आमचा ट्रेनी. यादीवर लूप लावला (म्हणजे एकेक नाव घेऊन तेच काम परत परत), एक्सक्लुझिव्ह ट्रू केलं. आणि चालवायला दिवस निवडला आखाजीचा, म्हणजे अक्षय्य तृतीयेचा. सगळे गावाला, कुणी लॉगिन करत नाही, निवांत होईल.

त्या दिवशी मी पारोळ्याकडच्या आमच्या गावी माहेरी होते. बाहेर निंबाला झोका बांधलेला, पोरी गाणी म्हणतायत, आई खापरावर मांडे टाकतेय आणि मी ओट्यावर लॅपटॉप घेऊन. प्लेबुक (ॲन्सिबलला दिलेली कामांची यादी) चालवलं. १४ चे १४ चेंज्ड, फेल्ड शून्य. मस्त. लॅपटॉप मिटणार तेवढ्यात म्हटलं एकदा लॉगिन करून बघू. परमिशन डिनाइड, पब्लिककी. दुसरा सर्व्हर, डिनाइड. तिसरा, डिनाइड.

डॉक्युमेंटेशनमध्ये स्पष्ट लिहिलंय, नंतर वाचलं, की एक्सक्लुझिव्हला लूप कळत नाही. म्हणजे पहिल्या फेरीत आप्पांची की टाकली आणि बाकीच्या सगळ्या काढल्या, दुसऱ्या फेरीत माझी टाकली आणि आप्पांची काढली, असं करत करत शेवटी उरला फक्त शेवटचा, ट्रेनी. यात मजा अशी की माझी किल्ली उडाल्यावरसुद्धा प्लेबुक मध्येच अडकलं नाही, कारण ॲन्सिबल एकदा जोडलेलं कनेक्शन ६० सेकंद उघडं ठेवतं आणि त्याच्यावरूनच पुढची कामं करतं, आणि एसएसएच किल्ली तपासतं ती फक्त आत येताना, आत आलेल्याला मागाहून बाहेर काढत नाही. म्हणून सगळं हिरवं-पिवळं छान दिसत राहिलं. मी मात्र बाहेर, आप्पा बाहेर, आणि १४ सर्व्हरांचा एकटा मालक म्हणजे ४ महिन्यांपूर्वी लागलेला पोरगा जो तेव्हा साक्रीकडं त्याच्या गावाला होता.

आत जायचे ॲमेझॉनचे बाकीचे रस्ते मी पाहिले. सेशन मॅनेजरसाठी सर्व्हरला एक रोल (परवानग्यांचा संच) द्यावा लागतो तो कुणाला दिलेला नव्हता. इन्स्टन्स कनेक्ट आमच्या जुन्या इमेजवर बसवलेलंच नव्हतं. सिरियल कन्सोलला पासवर्ड लागतो, आम्ही पासवर्ड कधी ठेवलेच नाहीत. उरला तो रामबाण, सर्व्हर बंद करा, त्याची रूट डिस्क काढा, दुसऱ्या सर्व्हरला जोडा, फाइल दुरुस्त करा, परत जागेवर लावा. १४ वेळा. आणि संध्याकाळी व्यापाऱ्यांच्या गाड्यांची नोंद सुरू होणार, केळीला आखाजीची सुट्टी नसते.

नाना (माझे वडील) ओट्यावर आले, माझं तोंड बघून म्हणाले, "काय व्हयनं बाई, कसाले घाबरी ऱ्हायनी?" त्यांना काय सांगू. म्हटलं नाना, किल्ली आत राहिली आणि दार लागलं. ते म्हणाले मग ज्याच्याकडं दुसरी किल्ली असेल त्याला बोलव ना. सरळ.

पोराला फोन लावला. उचलला तिसऱ्यांदा, मागे झोक्यावरच्या गाण्यांचाच आवाज. लॅपटॉप सोबत आहे का विचारलं, म्हणाला आहे ताई, पिक्चर बघायला आणलाय. एवढा आनंद मला कधी झाला नव्हता. नशीब त्याच्याकडं उबंटू होतं, विंडोज असतं तर ॲन्सिबल थेट चालत नाही, आधी डब्ल्यूएसएल (विंडोजमध्ये लिनक्स चालवायची सोय) बसवा, ते त्या रेंजमध्ये रात्र झाली असती. रेपो त्याच्याकडं होता, कारण दोनच दिवसांपूर्वी मी त्याची डॉट पब फाइल त्याच्याकडूनच टाकून घेतली होती. घरात रेंज नाही म्हणून तो धाब्यावर (घराच्या छतावर) चढला, दुपारी २ वाजता, डोक्यावर टॉवेल घेऊन, आणि ॲन्सिबल डाउनलोड व्हायलाच अर्धा तास गेला. तोवर मी इकडं दुरुस्ती केली. लूप काढला, सगळ्यांच्या कीज नवीन ओळीने जोडून एकच मोठी स्ट्रिंग केली आणि ती एकदाच मॉड्यूलला दिली, म्हणजे एक्सक्लुझिव्ह एकदाच चालणार. गिटवर पुश केलं, त्याने पुल केलं. म्हटलं आधी एकाच सर्व्हरवर चालव, लिमिट लावून. मग मी इथून नवीन टर्मिनल उघडून आत गेले. गेले! मग बाकीचे १३.

"ताई, समदं व्हयनं," तो वरून ओरडला, म्हणजे फोनवरच, पण मला ते साक्रीहून थेट ऐकू आल्यासारखं वाटलं. त्या दिवशी त्याने मला त्याचा पासफ्रेज सांगू का विचारलं होतं, मी नको म्हटलं, हे मात्र मी बरोबर केलं असं वाटतं. आप्पांना मी दुसऱ्या दिवशी स्वतः जाऊन सगळं सांगितलं, पुण्याच्या पोराबद्दल खोटं बोलले तेही. ते थोडा वेळ काही बोलले नाहीत, मग म्हणाले पोराला काहीतरी बक्षीस द्या.

नंतरचे बदल पटकन सांगते. प्लेबुक आता आधी एकाच सर्व्हरवर जातं, तिथं रिसेट कनेक्शन करून म्हणजे जुनं उघडं कनेक्शन तोडून नव्याने लॉगिन होतंय का ते तपासतं आणि झालं तरच पुढं सरकतं. सर्व्हरना तो रोल दिला, सेशन मॅनेजर चालू झालं, म्हणजे एसएसएच पूर्ण मेलं तरी मागचं दार आहे. एक अडीअडचणीची किल्ली वेगळी बनवली, पेनड्राइव्हवर, ती आप्पांच्या तिजोरीत सातबाऱ्यांच्या फायलीशेजारी असते आणि तिच्या पासफ्रेजचा कागद दुसऱ्याकडं. लॉगमध्ये आता प्रत्येक लॉगिनसोबत फिंगरप्रिंट येतं, त्यामुळं युजर एकच असला तरी आत कोण आलं ते कळतं, पूर्वी सगळ्यांचं फिंगरप्रिंट एकच होतं तर काय कळणार. काही जण म्हणाले आता सर्टिफिकेट वापरा, ओपनएसएसएचमध्ये ती सोय २०१० पासून आहे, किल्लीला मुदत लावता येते, खरं आहे, पण ९ माणसांसाठी आणखी एक सर्टिफिकेट देणारी यंत्रणा सांभाळायची म्हणजे घरच्या ४ जणांसाठी भरताची पंगत मांडल्यासारखं. ४० झालो की बघू.

मध्ये अजून एक जण सोडून गेला. त्याची फाइल रेपोतून काढली, दुसऱ्याने अप्रूव्ह केलं, प्लेबुक चाललं, ४ मिनिटं. आप्पांनी विचारलं ॲक्सेस काढला का, तर या वेळी मी त्यांना स्क्रीनच दाखवली. ते चष्मा वर करून बघत राहिले आणि म्हणाले, "आणि ती ग्रुपवरची फाइल?"

ती आहे अजून तिथंच. मागच्या आठवड्यात नवीन मुलगी लागली, कुणीतरी सवयीने तिला फॉरवर्ड केली. अर्ध्या तासाने ती माझ्या टेबलापाशी आली, म्हणाली ताई, ही चावी कुठंच लागत नाहीये.