आमची वाटचाल : एकच झबलं

जळगावात घरातल्या एकाच मशीनवर मी बाळंतविडा शिवायला घेतला, तेव्हा कापड म्हणजे सासऱ्यांची धुऊन धुऊन मऊ झालेली धोतरं. झबलं, टोपरं, लंगोट, दुपटं. मुलगा असो की मुलगी, शिवण तीच. बाळाला टोचू नये म्हणून शिलाईची कड बाहेरच्या अंगाला, बटणांऐवजी बंद. आपल्याकडे मे महिन्यात पारा पंचेचाळिशीला टेकतो. कापडातून वारा खेळला पाहिजे, एवढंच सासूबाईंनी शिकवलं होतं.

दुकानांना माल द्यायला लागलो आणि गणित बदललं. एका दुकानदाराने हळदी आणि पिस्ता रंगाची साठ झबली गठ्ठा न सोडता परत पाठवली. "यातलं मुलाचं कोणतं?" एवढंच म्हणाला. त्या रात्री मला जेवण गेलं नाही. पुढची दोन वर्षं आम्हीही निळं-गुलाबीच शिवलं. बायकांचे पगार द्यायचे होते.

मग लेकीने मोबाइलवर दाखवलं : १९१८ साली अमेरिकेत कपड्यांच्या व्यापाऱ्यांचं एक मासिक सांगत होतं की गुलाबी मुलांना शोभतो, कारण तो ठसठशीत, निळा नाजूक, म्हणून मुलींना. म्हणजे हा नियम आपल्या आजीचा नव्हेच, बाजाराचा. आणि बाजारानेच तो फिरवला.

मला त्याहून जास्त लागलं ते दुसरंच. २०११ च्या जनगणनेत आमच्या जळगाव जिल्ह्यात सहा वर्षांपर्यंतच्या हजार मुलांमागे ८४२ मुली होत्या. गर्भातलं बाळ मुलगा की मुलगी हे सांगायला १९९४ च्या कायद्याने बंदी आहे. आणि आम्ही मात्र गिऱ्हाईक पायरी चढलं की "पोऱ्या शे का पोर?" विचारायचं? मी आमच्या बायकांना सांगितलं, आजपासून फक्त बाळाचं वय आणि वजन विचारा.

गिऱ्हाईक तुटलं, काही नवं जोडलं. सातव्या महिन्यात ऑर्डर देणाऱ्या घरांना तर हे सोयीचंच पडलं.

गेल्या वर्षी फ्रॉकलाही खिसे लावले. फ्रॉकमागे कापड थोडं जास्त जातं, जाऊ दे. आमच्याकडे काजं करणाऱ्या ताईंची चार वर्षांची लेक पहिला फ्रॉक घालून दिवसभर कारखान्यात फिरली. संध्याकाळी दोन्ही खिसे उलटे केले, तर बोरं, खडूचा तुकडा आणि आमची हरवलेली बॉबिन.