धाकटा झोपेना, तेव्हा

दिवाळी झाली की आमच्या केज तालुक्यातून ऊसतोडीला ट्रक भरभरून कोयते निघतात. (कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी, मुकादम उचल, म्हणजे आगाऊ पैसे, देतो ती कोयत्यामागे.) त्या वर्षी माय-दादा, म्हणजे आमचे आई-वडील, कोल्हापूरकडे गेले ते मध्यरात्री, नऊ वर्षांचा धाकटा झोपेत असताना. रडारड नको म्हणून. मी नर्सिंगला अंबाजोगाईत. घरी तो नि आजी.

पंधरवड्यात आजीचा फोन. "पोरगं अंथरूण ओलं करतंय गं. रात्रभर टक्क जागं असतंय." तिने दृष्ट काढली, अंगारा लावला, एकदा फटकाही दिला. शाळेत पोरं चिडवायला लागली तसा तो शाळेत जाईना.

मी १४४१६ लावला. टेली-मानस, मानसिक आरोग्याची सरकारी हेल्पलाइन, २०२२ पासून आहे. रात्रंदिवस, फुकट, मराठीतून. वाटलं, दोन मिनिटांत कटवतील. पण पलीकडच्या बाई विचारत राहिल्या: आधी अंथरूण कोरडं असायचं? कधीपासून असं? त्याआधी घरात काय झालं? आधी लघवी तपासा, म्हणाल्या, संसर्ग किंवा साखर नाही ना ते बघा. मग मानसोपचार विभागात दाखवा. सरकारी दवाखान्यात केसपेपर काढला. रिपोर्ट चांगले आले.

तिथल्या समुपदेशक मॅडमपुढे तो दोन खेपा गप्पच. तिसऱ्यांदा एवढंच बोलला, "झोपलं की माणसं जातात." रात्रभर तो आजीवर पहारा देत होता.

गोळी दिली नाही. मारणं-हिणवणं बंद, ओली चादर दोघांनी मिळून वाळत घालायची, आणि माय-दादांचा फोन रोज ठरल्या वेळी. इथेच घोडं अडलं. पहाटे उसाच्या फडात, रात्री गाडी भरायची, कोपीत (झोपडीत) चार्जिंग नाही. शेवटी त्याच्या शाळेतल्या सरांनी वाट काढली: खिचडीच्या सुट्टीत त्यांचा मोबाईल. तेव्हाच फडात भाकरी सोडतात.

"येतील की रविवारी" असं आम्ही सांगायचो, तेही मॅडमनी बंद करायला लावलं. मग दादानेच सांगितलं, "पट्टा पडल्यावर येतो. कधी पडंल ते कारखान्यालाच ठावं." (पट्टा पडणं म्हणजे कारखान्याचा हंगाम संपणं.) आश्चर्य म्हणजे त्याला ते पटलं. संक्रांतीनंतर बऱ्याच रात्री कोरड्या जाऊ लागल्या.

मायला मात्र झोप लागते का, हे कुणी विचारलंच नव्हतं. मीही नाही. तिला नंबर दिला तो फार उशिरा.

यंदाही ट्रक रात्रीच आला. दादाने त्याला उठवलं. भांड्यांचं गाठोडं त्यानेच वर दिलं. भरपूर रडला. त्या रात्री अंथरूणही ओलं झालं. सकाळी आजीने चादरीचं एक टोक धरलं, दुसरं त्याने.